आधी दवाखाना

ते आमच्यासाठी आले होते, असं अजूनही कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचा जनरल वाईट होता, यात वाद नाही. त्याने माणसं उचलून नेली, तुरुंगात कुजवली, कित्येकांची प्रेतंसुद्धा घरच्यांना दिली नाहीत. पण हे उद्योग तो काही काल-परवा करायला लागला नव्हता. वर्षानुवर्षं करत होता, आणि त्या सगळ्या वर्षांत महासत्तेचे मंत्री त्याच्या शेजारी बसून हसत हसत फोटो काढून घेत होते. त्याच्या शिपायांच्या पायातले बूटसुद्धा त्यांच्याकडून यायचे. मग जनरलला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, त्याने डोंगरातल्या खाणीचा करार मोडला आणि खाण दुसऱ्याच देशाला द्यायची बोलणी सुरू केली. त्या खाणीत निघतो तो धातू म्हणे जगातल्या झाडून साऱ्या बॅटऱ्यांना लागतो. करार मोडला आणि महासत्तेला एकदम आमचे तुरुंग दिसायला लागले. रोज रेडिओवर आमच्या यातनांचं कीर्तन. आपण जगाचे इतके लाडके आहोत हे आम्हाला स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हतं.

मी असं बोलले की माझी नणंद चिडायची. वन्सं माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, आमच्याकडेच राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलेजातून घरी येत असताना जनरलच्या माणसांनी गाडीत कोंबला, तो परत दिसलाच नाही. त्या धक्क्याने म्हणा की आणखी कशाने, पुढे त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली. मी सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या वॉर्डात मशीन चालवते. त्यामुळे घरी त्या माझ्या नणंद आणि वॉर्डात माझ्या पेशंट. घरी त्यांचं चालायचं, वॉर्डात माझं. या आजारात पाणी मोजकंच प्यायचं असतं, तर या बाई माझी पाठ फिरली की बर्फाचे खडे तोंडात टाकायच्या आणि पकडलं की वर मलाच विचारायच्या, "बर्फ म्हणजे काय पाणी का गं?"

महासत्तेच्या रेडिओवर एकदा बेपत्ता मुलांची नावं वाचली, त्यात वन्संच्या मुलाचं नाव आलं. झालं. त्या दिवसापासून ते सैन्य म्हणजे वन्संच्या माहेरची माणसं. मी खाणीचं काढलं की त्या म्हणायच्या, तुला प्रत्येकाच्या मनात काळंच दिसतं, माझ्या मुलाचं नाव या देशात कुणी उच्चारत नव्हतं, त्यांनी उच्चारलं. सैन्य शहरात शिरलं तेव्हा सुजलेल्या पायांनी त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि रणगाड्यांना हात करत राहिल्या. माझा नवरा त्यांना धरून उभा होता. घरी आल्यावर त्याने मला डोळ्यांनीच दटावलं की आज काही बोलू नकोस.

लढाई लवकर संपली. जनरल पळाला. लढाईत पडलेल्या बॉम्बांनी सबस्टेशनचा निम्मा भाग आणि शहराच्या तारा तेवढ्या नेल्या.

माझ्या वॉर्डाची वीज गेली ती तेव्हा. जनरेटर होता, पण डिझेल मिळेना. एका माणसाला मशीनवर चार तास लागतात. चाराचे दोन केले तर माणूस लगेच मरत नाही, पण रक्तातलं विष पुरतं निघत नाही. पाणी साठतं, पाय सुजतात, मग धाप लागते. आमच्या पेशंटांनी आपापसात ठरवलं की कुणीही चार तास घ्यायचे नाहीत, सगळ्यांनी दोन-दोन घ्यायचे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला तर सांगायची हिंमतच झाली नसती. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा शिंपी पहिला गेला. त्याची खुर्ची आम्ही पुसून पुढच्याला दिली.

अशात माझ्या नवऱ्याला बोलावणं आलं. तो वीज मंडळात लाइनमन. वन्सं त्याला लहानपणापासून माकडा म्हणायच्या, कारण हे माकड तेव्हापासून खांबावरच असायचं. महासत्तेच्या इंजिनिअरांना लाइन पुन्हा उभी करायची होती आणि त्यासाठी इथली माणसं हवी होती. नवरा त्या दिवशी शीळ घालत घरी आला. लाइन उभी राहिली की दवाखाना सुरू, ताईचे चार तास परत, असा साधा हिशोब त्याने मांडला. हिशोबात चूक काहीच नव्हती. आमच्या मंडळात नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: वादळ होवो, पूर येवो, आधी दवाखाना, मग पाण्याचे पंप, मग बाकीचं गाव. हे इतकं अंगवळणी पडलेलं की दुसरी काही रीत असू शकते हे त्या माणसांच्या डोक्यातच आलं नाही. कुणी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं. पण सूर्य कुठे उगवणार हे कोण विचारतं?

दवाखाना वाटेवरच पडत होता. मुख्य लाइन दवाखान्यामागच्या खांबावरून पुढे डोंगराकडे जाते आणि त्याच खांबावरून जंपर, म्हणजे तारेचा जोडतुकडा, दवाखान्याला वीज देतो. नवऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जीव ओतून काम केलं. इंजिनिअर खूश. लाइन सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर गेलो. डोंगरावर खाणीचे दिवे लागले, ओळीच्या ओळी, अगदी डोळे दिपले. दवाखाना काळाठिक्कर. मी नवऱ्याला विचारलं, हे काय? टेस्टिंग चालू असेल, म्हणाला आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला.

टेस्टिंग संपेना. दवाखान्यामागच्या खांबावर आधी जोडलेला जंपर कुणीतरी काढून लोंबत ठेवलेला मला वॉर्डाच्या खिडकीतून रोज दिसायचा. वन्संना आता आडवं झोपवेना. भिंतीला उशी लावून बसल्या-बसल्या झोपायच्या आणि श्वासाचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. एका सकाळी मी म्हटलं, मी छावणीत जाऊन विचारते. वन्सं म्हणाल्या, मीही येते, तू भांडशील.

छावणीत पत्र्याच्या खोलीत एसी गुरगुरत होता. अधिकारी तरुण, देखणा, बोलायला गोड. त्याच्याशेजारी आमच्यातलाच एक दुभाष्या, खाली मान घालून बसलेला. अधिकाऱ्याने वन्संना खुर्ची दिली आणि गार पाण्याची अख्खी बाटली हातात दिली. डायलिसिसच्या पेशंटला! वन्संनी ती देवाच्या प्रसादासारखी मांडीवर धरून ठेवली. मी मुद्द्यावर आले. तो सगळं ऐकून घेत होता, माना डोलावत होता, वहीत टिपत होता. मग म्हणाला की खाणीतले पंप थांबले तर बोगद्यात पाणी भरेल, खाण बुडेल. खाण चालली तर देश उभा राहील, आणि देश उभा राहिला की दवाखाने आपोआप उभे राहतील. दवाखाना दुसऱ्या टप्प्यात आहे. मी म्हटलं, आमच्या वॉर्डाला लागते त्यापेक्षा जास्त वीज या छावणीचे एसी खातात. तो हसला आणि म्हणाला, निर्णय वरून येतात.

तेव्हा वन्सं बोलल्या. "पण तुम्ही आमच्यासाठी आलात ना?"

दुभाष्याने सांगितलं. अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवला. "अर्थातच. तुमच्या मुलासारख्या मुलांसाठी."

त्याला मुलाचं माहीत होतं. वन्संचे डोळे भरून आले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. उठता उठता मी विचारलं की जोडलेला जंपर काढायचं पाप कुणी केलं, तेवढं तरी सांगा. त्याने जराही न कचरता सांगितलं, आम्ही नाही काढला, तुमच्याच माणसाने काढला, फार कुशल कामगार आहे. आणि वर माझ्या नवऱ्याचं वर्णन केलं, गालावरच्या डागासकट.

घरी मी नवऱ्याला उभा-आडवा सोलला. सख्ख्या बहिणीचा श्वास स्वतःच्या पकडीने तोडलात, असं म्हणाले. आणखीही पुष्कळ म्हणाले. तो पाटावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब म्हणाला, तासाभरासाठी काढ, लोड बघायचाय. मी काढला. जोडायला गेलो तर शिडीच दिली नाही." त्यात मला खोटं ठरवण्यासारखं काही नव्हतं. लोड बघायला जंपर काढतात, हे त्याला ठाऊक होतं. काढलेला जंपर कुणी मुद्दाम तसाच ठेवतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

वन्सं त्याचीच बाजू घेत होत्या. त्या अधिकाऱ्याचीही घेत होत्या. वरच्यांपर्यंत पोचलं नसेल, म्हणाल्या, पोचलं की देतील. एवढं बोलताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. नवरा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन चेपत राहिला. सुजेत बोट रुतायचं आणि खड्डा तसाच राहायचा. त्या खड्ड्यांकडे तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने परमिट घेतलं.

परमिट म्हणजे काय ते सांगते. लाइनमनला खांबावर चढायचं असेल तर तो सबस्टेशनच्या ऑपरेटरला कळवतो. ऑपरेटर लाइन बंद करतो, स्विचला कुलूप घालतो, आणि ज्याने परमिट घेतलं तोच माणूस खाली उतरून स्वतःच्या तोंडाने 'परत' म्हणेपर्यंत लाइन सुरू करत नाही. मंत्री सांगो की मंत्र्याचा बाप सांगो. जनरलच्या राज्यातसुद्धा हे कुणी मोडलं नव्हतं. एकदा जनरलच्या वाड्याचे दिवे भर मेजवानीत गेले आणि लाइनवर माणूस आहे असं कळलं, तेव्हा तो राक्षससुद्धा दात-ओठ खात अंधारात बसून राहिला होता.

नवरा दवाखान्याच्या रंगाऱ्याची शिडी खांद्यावर घेऊन माझ्या वॉर्डाच्या दारात आला. वर चढण्याआधी बंद तारेला जमिनीशी जोडणारी साखळी लावतात, म्हणजे चुकून वीज आली तरी माणूस वाचतो. ती साखळी बाकीच्या सामानाबरोबर छावणीच्या गोदामात कुलपात होती. मी साखळीचं विचारलं, तर म्हणाला, ऑपरेटर आपला आहे, परमिट आहे, साखळी कशाला? मी विचारलं, गोळी घातली तर?

"दिवसाढवळ्या? दवाखान्यासमोर, एवढ्या लोकांदेखत? नाही घालणार."

खरंच, गोळी नाही घातली त्यांनी.

जंपर जोडायला त्याला वेळ लागला नाही. पण जोडून खाली आला असता तर त्यांनी तो पुन्हा काढला असता. म्हणून तो वरच पट्ट्याने स्वतःला बांधून बसला आणि निरोप पाठवला: दवाखाना जोडलेला राहील असं सगळ्यांसमोर सांगा, मग मी उतरतो आणि परमिट परत करतो. इकडे तो बसला आणि तिकडे खाण बंद पडली. अंगणात ही गर्दी झाली. चहावाला, झाडूवाल्या, बाळंतिणींचे नवरे, सगळे. कुणीतरी ओरडलं, उतरताना फणस घेऊन ये रे, आणि हशा पिकला. नवऱ्याने वरून हात केला. लग्नात घोड्यावरसुद्धा तो इतका ऐटीत बसला नव्हता. मी खिडकीतून बघत होते आणि कितीतरी दिवसांनी मला त्याचा अभिमान वाटत होता.

अधिकारी आला. खालून दुभाष्याकरवी बोलला, विनवलं, घड्याळ दाखवलं. बोगद्यात पाणी चढतंय, म्हणाला. नवरा वरून म्हणाला, माझ्या बहिणीच्या छातीतही पाणीच चढतंय. दुभाष्याने हे सांगितलं की नाही देव जाणे. अधिकारी फोनवर बोलत बोलत जीपमध्ये बसला आणि निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हरला.

मला आत हाक आली. वन्संचे ओठ निळे पडायला लागले होते. जनरेटरने केव्हाच मान टाकली होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, नळ्या जोडून तयार ठेवल्या आणि वीज आली की पहिल्या तुम्हीच, असं सांगून त्यांची पाठ चोळत उभी राहिले.

आणि वीज आली.

दिवे लागले, पंखे फिरायला लागले, माझ्या मशीनने चालू होताना देते ती शिट्टी दिली. सगळा वॉर्ड हसायला लागला. पलीकडच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या पोस्टमनने दोन्ही हात वर केले. वन्संनी माझं मनगट पकडलं. "बघ. दिली की नाही? म्हणत होते ना मी?"

माझी पाठ खिडकीकडे होती. नवरा उतरला असता तर आधी अंगणात आरडाओरडा झाला असता. त्याने 'परत' म्हटल्याशिवाय ऑपरेटरने लाइन दिली नसती. मग ही वीज आली कशी? अंगणात एवढी माणसं होती आणि कुणाचाही आवाज येत नव्हता. मला वळायचं नव्हतं. मी वळले.

सबस्टेशनात काय झालं ते मागाहून कळलं. अधिकाऱ्याच्या माणसांनी कुलूप तोडलं. ऑपरेटर स्विचच्या दांड्याला मिठी मारून ओरडत होता, वर माणूस आहे, वर माणूस आहे. त्यांना भाषा कळली नाही असं पुढे चौकशीत लिहिलं गेलं. बंदुकीच्या दस्त्याने त्याचा खांदा फोडून त्यांनी त्याला बाजूला केलं आणि दांडा ओढला. खाण वाचली.

रेडिओवर सांगितलं की मित्रसैन्याने दवाखान्याचा वीजपुरवठा सुरू केला आणि त्या कामात एक स्थानिक कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दगावला. निष्काळजीपणा! मी रेडिओ भिंतीवर आपटला. जंपर मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. अख्खं शहर त्या खांबाखाली बसून होतं, आणि जोडणी राहू दिली तर फोटो चांगला येणार होता.

वन्सं पुन्हा खुर्चीत बसायला तयार होईनात. भावाला जाळलं त्या विजेवर मी जगायचं का, म्हणाल्या. मी त्यांना समजावलं वगैरे नाही. माझ्यात तेवढं शहाणपण उरलंच नव्हतं. मी त्यांच्या दंडाला धरून ओरडले, "त्यांनी नुसता दांडा ओढलाय. तार यांनी जोडलीय. तुम्ही मेलात तर हे कशासाठी गेले ते मला सांगा आणि मग मरा." त्या बसल्या. मी सुया घातल्या. पहिल्याच झटक्यात बरोबर बसल्या, याचाच मला राग आला.

अधिकारी त्या दिवशीच आला, कॅमेरावाले घेऊन. टोपी काढली, मला दुःख झालं म्हणाला, आणि ते खोटं नसावं. म्हणूनच जास्त किळस आली. वन्संच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला आणि दुभाष्याकरवी म्हणाला की जगभरचे लोक बघताहेत, आईच्या तोंडून दोन शब्द ऐकायला मिळाले तर बरं होईल. मी त्याला हाकलायला पुढे झाले. वन्संनी मोकळ्या हाताने मला थांबवलं.

त्या कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत बोलल्या. आवाज अगदी साधा. "खाण हवी होती तर न्यायची. आम्ही काय तिच्यावर बसलो होतो? माझ्या मुलाचं नाव कशाला घेतलंत?"

दुभाष्या फरशीकडे बघत राहिला. अधिकाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. मग तो त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, दोन-तीनच शब्द. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने वन्संचा हात दोन्ही हातांत घेतला, आभार मानले आणि कॅमेरा त्या हातांजवळ आला.

वन्संनी हात ओढून घेतला नाही. त्या हाताला सुया लावलेल्या होत्या आणि अजून दीड तास बाकी होता.